ट्रम्पेट मांडीवर ठेवणारी माणसे

लोहाऱ्याच्या वरातींत वीस वर्षे ट्रम्पेट फुंकणाऱ्या बलभीमने गेल्या दिवाळीपासून वाद्याला ओठ लावले नव्हते. डॉक्टरांनी दुखण्याला नैराश्य म्हटले. गोळ्यांनी झोप आली, भूक आली, दम तेवढा परतेना. अखेर बँडमालक बंडप्पाने निरोप धाडला: रविवारच्या वरातीला यायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

धाराशिवला मानसशास्त्र शिकणाऱ्या लेकीने, हर्षालीने, मोबाइलवरचा व्हिडिओ त्याच्यापुढे धरला. "अण्णा, ही सिंफनी ऐका. जर्मनीतला जुना माणूस. मन बिघडलेलं, कानात सारखं घुमायचं. जरा सावरला अन् हे लिहिलं."

"गोळ्या कोणत्या चालू हुत्या त्याला?"

"तवा कुठल्या गोळ्या? गुमान ऐका."

बलभीमला ऐकण्याची एकच रीत ठाऊक होती: कोणते वाद्य कधी वाजते, याची हजेरी घेणे. आरंभीच ट्रम्पेट वाजले, पण अगदी हळुवार. "एवढ्यानं नवरदेवाचं घोडंबी हलायचं न्हाय," तो पुटपुटला. पुढे संथ भाग आला. व्हायोलिनांनी एक उदास चाल उचलली, ती सनईच्या भावकीतल्या एका वाद्याकडे गेली; ट्रम्पेटवाले मात्र वाद्ये मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. बलभीम अस्वस्थ झाला. वरातीत ट्रम्पेट थांबला की नाचणारे थांबतात आणि यजमान मालकाच्या अंगावर येतो. म्हणून डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी फुंकत राहायचे, हा धंद्याचा दंडक.

"ह्यांच्यावर कुणी वरडत न्हाय?"

"न्हाय. गप बसायचंबी कागदावर लिहिलेलं असतं."

तो भाग बलभीमने चार वेळा लावला. "दुखण्यातनं उठलेल्यानंच लिहावं," तो म्हणाला. "दम कुठं सरतो, त्याला ठाव हुतं."

दुसऱ्या दिवशी तो बंडप्पासमोर उभा राहिला. "येतो, मालक. पण दोन गाण्यांनंतर तिसरं सिदूच्या क्लॅरिनेटनं उचलायचं. म्या बसणार."

"वरातीत? कशावर, नवरदेवाच्या मांडीवर?"

"चालत चालतच बसणार. ट्रम्पेट काखंत."

आयुष्यभर मागच्या रांगेत राहिलेला सिदू गालातल्या गालात हसला. बंडप्पाने कपाळावर हात मारला, पण नाही म्हटले नाही.

रविवारी तिसऱ्या गाण्याला क्लॅरिनेट एकटाच निघाला. नवरदेवाचे मामा ओरडले, "ओ ट्रम्पेटवाले, झोप लागली का?"

"न्हाय, मामा. माझं गप बसायचं गाणं चालू हाय."

नाचणारे क्षणभर घोटाळले, मग त्यांनी पावले आवरती घेतली. गाणे संपले. पुढच्यासाठी उचललेला हात बंडप्पाने अर्ध्यावरच थांबवला, आणि वीस वर्षांत कधी न विचारलेले विचारले:

"बलभीम, पुढचं घेऊ का?"