विमलने मांडलेला डाव

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आम्ही पोलादपूरचे बौद्ध. वडील प्राथमिक शिक्षक. अंगात येणं, उतारे, बुवाबाजी यांच्याविरुद्ध वाडीवाडीत जाऊन बोलणारे. तरीही हे घडलं... आमच्याच ओटीवर, भर दुपारी.

ऐंशीच्या दशकातला मे महिना. मी आणि वडील बुद्धिबळ खेळत होतो. धाकटी बहीण विमल शेजारी तांदूळ निवडत होती. तिला सोंगट्यांच्या चाली तेवढ्या ठाऊक, त्याही अडखळत.

अचानक तिने सूप बाजूला सारलं, आमचा डाव मोडला आणि भराभर वेगळीच मांडणी करू लागली. हाक मारली तर ओ नाही. डोळे उघडे, पण नजर आमच्यावर नव्हती.

"अहो, पोरीला काय झालं? भगताला तरी बोलवा!" आई रडकुंडीला आली.

"काय झालेलं नाय तिला," वडील म्हणाले. "ती विचार करतेय."

पण तिला हात लावायला तेही धजावले नाहीत.

प्यादी दोन्हीकडे; शिवाय काळ्याकडे दोन हत्ती, पांढऱ्याकडे एकच उंट. पांढरा हरल्यातच जमा. विमल म्हणाली, "पांढऱ्याची खेळी. उंट फुकट द्यायचा." उंट दिला, मग एकेक प्यादं शह देत पुढे सरकवलं – आणि पटावर प्याद्यांची अशी भिंत उभी राहिली, की हत्तींना पलीकडे यायला फटच उरली नाही. बरोबरी!

मग ती दचकली. "दादा, तुमचा डाव कुणी मोडला?"

तिला काहीच आठवत नव्हतं.

त्याच महिन्यात मामेभाऊ आखातातून आला, बुद्धिबळ खेळणारं मशीन घेऊन. "भल्याभल्यांना हरवतं हे!" वडिलांनी विमलची मांडणी लावली आणि पांढरी बाजू मशीनला दिली. कितीही वेळ दिला तरी ते उंट काही सोडेना. हरलं. पुन्हा हरलं.

"आता विमल, तू बस."

वडिलांनी तिलाच तिच्या चाली समजावल्या होत्या. तिने उंट दिला, भिंत बांधली आणि मग नुसता राजा मागेपुढे हलवत राहिली. मशीनचे हत्ती येरझारा घालत होते. ओटीखाली निम्मी वाडी जमली होती.

मशीनवर दिसणारे गुणांचे आकडे बघून मामेभावाने शेवटी हात टेकले. "बरोबरी झाली गो... पण ह्याला अजून वाटतंय, आपणच जिंकतोय!"

वडिलांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ती मांडणी मी पुढे महाडच्या, पुण्याच्या जाणकारांना दाखवली. कुठेही आधी पाहिल्याचं कोणी सांगितलं नाही. विमलला तसं पुन्हा कधी झालं नाही, आणि ती खेळाडूही झाली नाही.

त्यानंतर कोणी कुजबुजत विचारायचं, "गुरुजी, पोरीच्या अंगात काय आलं होतं?"

वडील ताठ मानेने सांगायचे, "बुद्धी."

ती त्या दुपारी कुठून आली, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही नाही.