कमरेची सुपारी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंट्समध्ये कोणी अक्कल शिकवायला नको. या सदरातले गूढ अनुभव मी करमणूक म्हणून वाचत आलोय. वाचायचे, हसायचं आणि चहा गार व्हायच्या आत विसरायचं. मी इंजिनिअर. ब्रिस्टलमध्ये विमानाच्या पंखांना कुठे तडा गेलाय का, हे शोधण्यात माझी उभी हयात गेली. तडा असतो किंवा नसतो. ‘असल्यासारखा वाटतो’ असं रिपोर्टात लिहिलं असतं तर मला दुसऱ्याच दिवशी नारळ मिळाला असता. देवधर्म हे खातं बायकोचं. घरी पूजा असली की मी प्रसादापुरता हजर.

तर झालं असं... दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी आणि माझी बायको मंजिरी पोर्तुगाल-स्पेन फिरायला गेलो. पोर्तो, लिस्बन, मग बसने सेव्हिल आणि तिथूनच एक दिवस कोर्दोबा. तिचा ब्रेस्ट कॅन्सर बरा झाला होता, त्याचं हे सेलिब्रेशन. तिकिटं हौसेने कधीच काढून ठेवलेली. पण निघायच्या सुमारास मंजिरीची पाठ दुखायला लागली आणि थांबेचना. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, हॉस्पिटलला पाठवलं, स्कॅन झाला. कन्सल्टंटची अपॉइंटमेंट मिळाली ती नेमकी आम्ही परत आल्यानंतरची.

“कॅन्सल करूया,” मी म्हटलं.

“का? घरी बसून स्कॅन बदलणार आहे?” मंजिरी म्हणाली. “जे असेल ते असेल. मला पोर्तोच्या त्या निळ्या टाइल्स बघायच्यात.”

आमची मुलगी तन्वी मेडनहेडला नोकरी करते. तिने खास येऊन माझ्या हातात एक मनीबेल्ट ठेवला — शर्टाच्या आत कमरेला बांधायचा, झिपवाला. “बाबा, हे तू आत घाल. तिकडे खूप पिकपॉकेट असतो. आणि आईचा तब्येत बघ.” पोरीचं मराठी ब्रिस्टलच्या शाळेत वाढलंय, त्यामुळे लिंगं जरा इकडेतिकडे. माया मात्र अस्सल. ब्रिस्टल एअरपोर्टला सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये मी तो बेल्ट स्वतः रिकामा केला. पासपोर्ट, कार्डं, थोडे युरो. बाकी काहीही नव्हतं, हे लक्षात असू द्या.

पोर्तो दोघांनाही आवडलं. स्टेशनातल्या निळ्या टाइल्स बघत मंजिरी बाकावर इतका वेळ बसली की मी दोन कॉफ्या पिऊन आलो. मग उतारावरून हळूहळू नदीकाठी गेलो. तिला प्रत्येक गावाचा फ्रिज मॅग्नेट घ्यायचा असतो, त्याचे पैसे काढायला मी बेल्टची झिप उघडली. बोटांना काहीतरी गोल, टणक लागलं.

सुपारी. पूजेत असते तशी अख्खी, हळदकुंकू लागलेली. एका बाजूला टवका उडालेला, अडकित्ता लावून कोणी विचार बदलावा तसा.

“हे काय, देवघर बरोबर घेऊन निघालीस का?” मी हसून विचारलं.

मंजिरीने सुपारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मी नाही ठेवली,” म्हणाली. एरवी ही बाई चेष्टेला चेष्टेने उत्तर देते. मी सुपारी नदीत भिरकावली. मॅग्नेट घेतला आणि विषय संपला, म्हणजे माझ्यापुरता संपला.

लिस्बनला ट्रामने चढ चढून वर गेलो. सगळं शहर खाली दिसतं अशी जागा, गरम कस्टर्ड टार्ट, ऊन... मंजिरीची पाठही त्या दिवशी बरी होती. टार्टचे पैसे द्यायला झिप उघडली, तर आत पुन्हा सुपारी. पुन्हा हळदकुंकू. आणि पुन्हा तोच टवका, त्याच जागी, तसाच तिरपा. टवके आणि तडे ओळखणं हा माझा धंदा आहे. ही पोर्तोच्या नदीत टाकलेलीच सुपारी होती.

“गंमतच आहे,” मी म्हटलं, “लिस्बनमध्ये खिशातलं जातं म्हणतात. इथे कोणीतरी आणून ठेवतंय!”

मंजिरी हसली नाही. हातातला टार्ट तसाच ठेवून तिने भलताच प्रश्न विचारला. “तुला हॉस्पिटलमधून फोन आला होता का रे?”

“नाही. का?”

“खरं सांग.”

“अगं, आला असता तर तुला सांगितलं नसतं का?”

तिने माझा चेहरा निरखला आणि टार्ट माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, रिझल्टची धास्ती, दुसरं काय. मी ती सुपारी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तिला दुसरी कॉफी आणून दिली.

सेव्हिलला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ट्रेनने कोर्दोबाला गेलो. तिथली ती प्रचंड मशीद, जिचं पुढे चर्च झालं, तिच्या अंगणात संत्र्याची झाडं आहेत. बहर आलेला, सगळीकडे वास. मंजिरी मॅग्नेट आणायला समोरच्या दुकानात गेली आणि मी सावलीत टेकलो. शेजारी पुण्याहून आलेल्या टूरमधले एक काका एकटेच बसले होते. पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज, मांडीवर चिवड्याचा डबा. मराठी ऐकून दोघांनाही बरं वाटलं. गप्पा चालू असताना मला कमरेशी काहीतरी टोचायला लागलं. झिप उघडली. यावेळी मला आश्चर्य नाही वाटलं, राग आला. तोच टवका.

काकांनी माझ्या तळहातावरची सुपारी पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “एकटेच आलात होय?”

“नाही. असं का विचारता?”

“कमरेतून सुपारी काढलीत, म्हणून म्हटलं. मीही लावतो ना. आमची ही गेल्यापासून घरच्या गणपतीला मी एकटाच बसतो. पूजेला बायको शेजारी नसली की कमरेला सुपारी लावायची, तीच बायको समजायची. गुरुजींनी पहिल्यांदा लावायला सांगितली तेव्हा मी असा रडलो म्हणता... पण तुम्ही प्रवासातसुद्धा ठेवता, हे फार चांगलं करता हो. तेवढीच सोबत.”

सुपारी माझ्या तळहातावर तशीच होती. तेवढ्यात मंजिरी मॅग्नेट नाचवत समोर येऊन उभी राहिली. काकांनी तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठलेच. “अरे! वहिनी आहेत की! मी आपलं काहीतरीच बरळलो... माफ करा हं. वहिनी, घ्या ना, चिवडा घ्या.” तिची ओंजळ भरून सांडेपर्यंत ते चिवडा ओतत राहिले. मग त्यांचा ग्रुप निघाला आणि ते मागे न बघता गेले.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“पोर्तोलाच कळलं,” मंजिरी शांतपणे म्हणाली. “आमचे नाना लावायचे ना, आई गेल्यावर.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तूच आणलीयस. वाटलं, हॉस्पिटलने तुला काहीतरी सांगितलंय आणि तू आतल्या आत मला... आत्तापासूनच सवय करतोयस.” तिचा आवाज फुटला. “लिस्बनला म्हणून विचारलं मी. तू नाही म्हणालास. तुला खोटं बोलता येत नाही, ते मला माहितीये. मग जास्तच भीती वाटली.”

मी तिला जवळ घेतलं. बायको अशा विचारात टार्ट बाजूला सारत होती आणि मी पिकपॉकेटचे विनोद करत होतो. माझाच मला इतका संताप आला की मी ती सुपारी अंगणातल्या पाटात फेकली आणि पाणी तिला घेऊन जाईपर्यंत बघत उभा राहिलो.

“बायको माहेरी गेली तरी लावतात,” मंजिरी डोळे पुसत म्हणाली. “आजारी असली तरी लावतात. मेलीच पाहिजे असं काही नाही.” ती हे मला समजावत होती. आजारी ती, आणि धीर मला!

दुसरा दिवस शेवटचा. मी ठरवलं, आज बघतोच. मनीबेल्ट हॉटेलच्या तिजोरीत बंद केला. नाडीची साधी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट. निघताना मंजिरीलाच कंबर चाचपायला लावली. “एअरपोर्ट सिक्युरिटी,” म्हणून तिने दोन्ही हातांनी तपासलं आणि वर गुदगुल्याही केल्या. काहीही नव्हतं.

तो दिवस फार सुंदर गेला. खोटं कशाला बोलू, त्या सगळ्या ट्रिपमधला तोच एक दिवस मला पुन्हा मिळाला तर हवाय. सेव्हिलच्या मोठ्या चौकात अर्धगोल कालवा आहे, तिथे होड्या भाड्याने मिळतात. मी वल्ही मारत होतो आणि मंजिरी समोर बसून मला हसत होती. “सरळ ने रे! विमानं कशी उडतात तुमची देव जाणे!” काठाला लागल्यावर उतरताना तिने आधाराला माझी कंबर धरली. मग तिचा हात तिथेच थांबला.

“हलू नकोस,” म्हणाली. माझ्या नाडीच्या घडीतून तिने दोन बोटांनी सुपारी बाहेर काढली, हळदकुंकवाची, टवका उडालेली. ऊन होतं, आजूबाजूला पोरं ओरडत होती, कोणीतरी गिटार वाजवत होतं. मंजिरीने ती माझ्यासमोर धरली.

“सापडले बघ मी,” ती म्हणाली.

मी हिसकावून घ्यायला गेलो. तिने मूठ मिटली. “नाही. सारखं सारखं मला पाण्यात काय टाकतोस?” आणि तिने सुपारी आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

परत आल्यावर रिझल्ट कळला. मणका आणि लिव्हर. कन्सल्टंट बाई फार हळू बोलत होत्या. मंजिरीने त्यांना काही विचारलं नाही, फक्त माझ्या जॅकेटची कड कमरेशी घट्ट धरून बसली.

त्यानंतर सुपारी पुन्हा आली नाही. आणि बघा माणूस कसा असतो... जिथे डॉक्टरांनी हात टेकले होते, तिथे मी मनात हिशेब मांडायला लागलो, की आता येत नाही म्हणजे संकट टळलं असणार. आयुष्यभर तडे शोधणारा मी! रोज सकाळी कंबर चाचपायचो, काही लागलं नाही की उत्साहाने मंजिरीला पेज भरवायला जायचो. जानेवारीत एका सकाळी ती गेली. बाहेर कौन्सिलची कचऱ्याची लॉरी उभी होती. माझ्या कमरेला तेव्हाही काही नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं. यंदा तन्वी म्हणाली, “बाबा, आईची गणपती आपण बसवायचंच.” मी नाही म्हणू शकलो नाही. डायनिंग टेबलावर मखर केलं. स्टॅनमोरचे एक गुरुजी व्हिडिओ कॉलवर पूजा सांगायला बसले. संकल्पाच्या आधी त्यांनी विचारलं, “यजमानीणबाई?”

“आई इज नो मोर,” तन्वी म्हणाली.

“बरं. मग यजमानांनी कमरेला सुपारी लावावी.”

मी उठलो आणि थेट मंजिरीच्या कपाटाकडे गेलो. तिची ती पर्स मंजिरी गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. कप्प्याची चेन लावलेलीच होती. आत सेव्हिलचा बोर्डिंग पास, लिप बाम आणि चिवड्यातला एक वाळका शेंगदाणा. सुपारी नव्हती. पर्स उलटी केली, अस्तर फाडलं. नव्हती. तन्वी दारात उभी राहून रडत होती आणि तिकडे टेबलावरून गुरुजी “आवाज येतोय का?” विचारत होते.

शेवटी इंडियन दुकानातून आणलेल्या पाकिटातली एक लावली. गुळगुळीत, टवका नसलेली. ती काही केल्या राहीना. नाडीत खोचली, पडली. घडी करून खोचली, पुन्हा पडली. तन्वी प्रत्येक वेळी वाकून उचलून देत होती. “बाबा, हे परत पडली.” शेवटी आरती होईपर्यंत मी ती एका हाताने कमरेशी दाबून धरली.

सगळ्या शक्यता तपासून झाल्यात माझ्या. मंजिरीच ठेवत होती म्हणावं, तर नदीतली सुपारी लिस्बनला कशी आली, आणि कोर्दोबाच्या पाटातून सेव्हिलला कशी? तरी तसं असतं तर मला चाललं असतं. निदान तिने केलेलं काहीतरी, एवढं तरी हाती राहिलं असतं. बायको शेजारी चालत होती तेव्हा जी सुपारी फेकली तरी सुटली नाही, ती आता मागितली तरी मिळत नाही. रोज सकाळी बेल्ट लावताना मी अजून कंबर चाचपतो. काही टोचत नाही.