शेंदूर लावलेले ब्रेक

चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हे सांगायला लागलो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि शर्ट माझा खराब झाला. आपल्या हातानं आपलाच पोपट कसा करून घ्यावा, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या. शिकवणी फुकट!

तर माझ्याकडे एक लाल स्पोर्ट्‌स कार आहे. दोन दारं, दोन सीटा, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की परभणीतला एकेक गतिरोधक तिला पोटातून ओळखतो. सेकंडहँड घेतली, पण मिरवली अशी की बनवणाऱ्यानं स्वतः घरी आणून दिली असावी. एकच स्वप्न होतं, एकदा तरी तिला रेसच्या ट्रॅकवर पळवायची. आता आमच्या जिल्ह्यात ट्रॅक कुठून आणायचा? पण स्वप्नाला कोण अडवतं?

स्वप्न कुणी अडवलं नाही. लग्न अडवलं!

ऋतुजा बोरीची. शेतकी शिकलेली, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा घेऊन एका दमात गोठ्याशी लावणारी. आमचं दोघांचं ठरलं होतं, माझ्या घरचे राजी होते. अडून बसले ते तिचे वडील, किसनराव.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले, "पण ती गाडी लय पळती. थांबती का न्हाई, ते दाखवा. मंग बोलू."

एवढंच ना? मी गाडी थेट पुण्याच्या एका गॅरेजात नेली आणि ब्रेकच बदलून टाकले. चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकत्या ताटाएवढ्या मोठ्या बसवल्या. त्यांना दोन्हीकडून आवळणारे पॅड असे घेतले, की रोजच्या रस्त्यावरही चालावेत आणि ट्रॅकवर तापून लाल झाले तरी दगा देऊ नयेत. परत येताना पाय नुसता टेकवला की गाडी जागच्या जागी खिळायची. मला तर आनंदानं हसूच आवरेना.

मग काय, परभणीत भेटेल त्याला चाकाशी उकिडवं बसवून माझं व्याख्यान सुरू. "लांबून बघ! चकतीला हात लावायचा नाही. तेलाचं बोट जरी लागलं ना, तरी ब्रेक गेला म्हणून समज!" हे मी इतक्यांदा सांगितलं की लोक मला बघून गल्ली बदलायला लागले.

शनिवारी बोरीला गेलो. बाजाराच्या मैदानात किसनरावांनी फक्कीची पांढरी रेघ मारून ठेवली होती. मैदानाच्या टोकाला कडब्यानं भरलेली बैलगाडी सोडून ठेवलेली. रेघेवर गाडी थांबली की सोयरीक पक्की, असा मामला.

तेवढ्यात ऋतुजाची आत्या ताट घेऊन आली. सत्तरीची बाई, पण आवाज असा की अख्ख्या गावानं वळून बघावं. "थांबा! नवं सामान बसवलं म्हनं गाडीला. पूजा न्हाई केली तर कसं?"

तिनं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. इथं गप्प बसलो असतो तर आज मान वर करून फिरलो असतो. पण मिरवायची खाज! मी म्हणालो, "आत्याबाई, बॉनेटचं काय घेऊन बसलात? नवं सामान तर चाकाच्या आत आहे. पूजा ब्रेकची करा!"

"हौ? दाव बरं."

मी दाखवलं. चाकाच्या काड्यांमधून चकती चमकत होती. आत्याबाईंनी ताटातली वाटी उचलली. शनिवार ना! सकाळीच मारुतीला शेंदूर लावून आल्या होत्या. वाटीत उरलेला शेंदूर होता, तेलात कालवलेला.

तेलात!

माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात काड्यांमधून आत गेला आणि चकतीवर हे एवढं स्वस्तिक निघालं. आणि मी काय केलं? हात जोडून उभा राहिलो! होणाऱ्या आत्तेसासूला नाही कसं म्हणायचं? शिवाय मनात म्हटलं, देवाचं तेल आहे, त्यानं काय होतंय?

"कंजुषी कामून करायची?" म्हणत त्यांनी उरलेलं तेल पुढच्या दोन्ही चाकांत ओतलं. वाटी संपली म्हणून मागची चाकं वाचली.

किसनराव शेजारी बसले. मी गाडी सोडली, चांगली जोरात सोडली. रेघ जवळ आली. मी ऐटीत त्यांच्याकडे बघत ब्रेकवर पाय ठेवला.

काहीच नाही!

आणखी दाबला. सीटवरून उठून दाबला. गाडी जरा हळू झाली, पण थांबायचं नाव नाही. रेघ मागे गेली. रेघेशी उभी असलेली ऋतुजा मागे गेली. समोर ओवाळायला आधीच पुढं जाऊन उभ्या राहिलेल्या आत्याबाई, आरतीचं ताट घेऊन! त्यांनी एक किंकाळी मारली आणि ताटासकट कडब्याच्या गाडीवर चढल्या. कशा चढल्या ते त्यांनाही आजवर सांगता आलेलं नाही.

"थांबव की रं!" किसनराव ओरडले.

"थांबवायलोच!" घाबरल्यावर मलाही बोरीची भाषा फुटली.

शेवटी त्यांनीच दोघांच्या मधला हँडब्रेक खसकन ओढला. मागची चाकं घासली, धुरळा उडाला आणि गाडी बैलगाडीला नाक लावून उभी राहिली. पुढच्या चाकांतून धूर येत होता.

"अगं बाई, देव कोपला!" कडब्यावरून आवाज आला.

"देव नाही हो," मी रडवेला झालो होतो. "तेल. चकतीला तेल लागलं की ब्रेक लागत नाही."

किसनरावांनी माझ्याकडे बघितलं. "हे तुमाला आधीपासून ठावं होतं?"

"हो."

"मंग तिला सांगितलं कामून न्हाई?"

"आत्याबाईंना... नाही कसं म्हणू?"

गेली सोयरीक, असं मला वाटलं. किसनराव खाली उतरले, मिशी पुसली आणि एकदम खो खो हसत सुटले. "जीव गेला तरी बाईमाणसाला न्हाई म्हनत न्हाई हा! आक्के, उतर खाली. असा जावई शोधूनबी घावायचा न्हाई!"

लग्न ठरलं हो! मी आनंदानं उडी मारली. तोवर ऋतुजा पळत आली होती. तिनं माझ्यापुढं हात पसरला. मला वाटलं, हातात हात देईल.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

तेव्हापासून गाडी तीच चालवते. ट्रॅकवर जायचं झालं तरी तीच चालवणार, हे ठरलंय. मी शेजारी बसतो आणि वळण आलं की उजवा पाय जीव खाऊन खाली दाबतो. तिकडं ब्रेक नाही हे मला कळतं, पायाला कळत नाही.

ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणते, "दाबा, दाबा. लय भारी ब्रेक हाय तुमचा."