मी न केलेली सेवा

काल मेथी निवडता निवडता आई शेजारच्या काकूंना पुन्हा तेच सांगत होती. "हे आजारी होते ना, तेव्हा धाकट्याने रात्रंदिवस सेवा केली हो!"

धाकटा म्हणजे मी. बाबांचं सगळं केलं ते दादाने. मी परगावी बसून फोनवर नुसती कारणं सांगत होतो. काल आई हे सांगत असताना दादा तिथेच चहा पीत होता.

आठवण म्हणे डब्यात भरून ठेवलेली नसते, दर वेळी ती मनात नव्याने रांधली जाते. रांधा ना! पण म्हणून एकाचं पुण्य दुसऱ्याच्या ताटात वाढायचं? आणि मीही इतकी वर्षं ते गुपचूप खाल्लं. काल मात्र वैतागून बोललोच, "आई, तो मी नव्हतो गं. दादा होता. मी आलोसुद्धा नाही."

आई दादाकडे बघून हसली. "बघ, कसा तुझं नाव पुढे करतोय!"

"जाऊ दे रे," दादा मला म्हणाला.

आज सकाळी मावशीचा फोन आला. आई तिला रंगून सांगत होती, "सेवा केली ती केली, वर श्रेय भावाला देतो!"