स्टेअरिंग थरथरतंय

दस्तगीरचाचांकडे गेलं, की आधी त्यांचे पाय दिसायचे. बाकीचं अंग एका लाल, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारखाली. "चपला वळखल्या, मास्तर! सतराचा पाना द्या इकडं," हे आमचं स्वागत.

शाहूपुरीतल्या कारखान्यात जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर ही गाडी भंगारातून उचलली. सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश स्वतः कातले. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मांजा ताणून चाकं सरळ लावली. गॅरेजला न्या म्हटलं, की भडकायचे. "जोरात न्यायला कुणालाबी येतंय की! सरळ न्यायला अक्कल लागतीय."

गेल्या वर्षी त्यांनी एकच धोशा लावला, "स्टेअरिंग थरथरतंय." बॉल जॉइंट बदलले, बुश पुन्हा कातले. थरथर जाईना. आम्हा शेजाऱ्यांना मात्र त्यांच्या हातातली चहाची बशी दिसत होती. चहा शर्टावर सांडायचा आणि हमीदाचाची मुकाट्याने पुसायच्या. हातांचं नाव काढायची कुणाची छाती होत नव्हती. मी तर पक्का भित्रा.

एका रविवारी चाचांनी मला चावी दिली. "कळंब्यापतोर चालवा. तुमी खोटं बोलणार न्हाय." स्वतः शेजारी बसले. गाडी सुतासारखी सरळ गेली. कळंब्याच्या तळ्यापाशी थांबलो.

"थरथरतंय न्हवं?"

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, "थोडंसं थरथरतंय, चाचा."

"व्हय की न्हाय! माझ्यात काय न्हाय, गाडीतच हाय!" लहान पोरासारखे हसले. मलाही बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढचं सगळं सस्पेन्शन उतरवलं. ठणठणीत होतं. पण परत बसवताना बोटांत नट ठरेना. मेकॅनिक आणला, त्याला हाकलून दिलं. मी पाना हातात घेतला, तर माझ्यावरही ओरडले. हळूहळू गाडीखाली जाणंच सुटलं. आता खाटेवर असतात. घासही चाचीच भरवतात.

परवा मी बळ एकवटून चाचींना म्हणालो, "त्या दिवशी गाडीत काही दोष नव्हता. मी खोटं बोललो."

चाचींनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्येंनी मला कबूल केलतं, मास्तर. तुमी गाडीत दोष न्हाय म्हणला, तर डागदराकडं येतो म्हणून."