दाराला हवा असलेला शब्द

हे मी रागात लिहिते आहे आणि राग निवेपर्यंत थांबायची माझी अजिबात इच्छा नाही.

पुनाराम मेश्राम मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटचे. कटंगीहून तुमसरला जाणाऱ्या बसवर तीस वर्षं कंडक्टर होते. वाटेत गाडी बंद पडली की पोरं कुरकुरायची आणि हे त्यांना गोष्टी रचून सांगायचे. वैनगंगेतला तिकीट मागणारा मासा, रोज नवीन थांब्यावर उतरणारी सावली, असलं काहीबाही. निवृत्त झाल्यावर ते या गोष्टी वहीत लिहू लागले. बडबडगीतं ज्यांना लहान होतात आणि मोठ्यांची पुस्तकं जड जातात, अशा दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी.

खरं तर एकाच मुलीसाठी. त्यांची नात खुशी अकरा वर्षांची, हिंदी शाळेत जाते. एकदा शाळेच्या फाटकाशी ते तिला म्हणाले, "डबा मले दे." मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. घरी आल्यावर खुशीने सांगून टाकलं, "आबा, मेरी सहेलियों के सामने ये मले-तुले मत बोला करो." तेव्हापासून ती घरातही हिंदीच बोलायची.

पुनाराम मला म्हणाले, "बाई, मले तिची हिंदी नाही सोडवाची. पन आपल्या बोलीची तिले लाज काहून वाटावं?"

म्हणून त्यांनी दाराची गोष्ट लिहिली. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, एक दार उभं आहे. मागे ना घर, ना भिंत. पलीकडे काय आहे ते साऱ्या गावाला बघायचंय. पटवारी विचारतो, "क्यों बंद है?" दार ढिम्म. हेडमास्तर विचारतात, "का बंद आहेस?" साहेबांचा मुलगा म्हणतो, "व्हाय?" दार ढिम्मच. शेवटी शेळ्या राखणारी सुगंधा वैतागून म्हणते, "काहून बंद हायेस गा?" आणि दार उघडतं. कारण ज्या सुताराने ते घडवलं, तो त्याच्याशी याच बोलीत बोलायचा.

वहीची झेरॉक्स पुण्याच्या एका प्रकाशकाकडे मीच पाठवली, म्हणजे पाप माझंच. आठ महिन्यांनी पंचवीस प्रती आल्या. मुखपृष्ठ देखणं होतं. दाराचं पान मी उभ्या उभ्याच उघडलं आणि कपाळावर हात मारला.

पटवारी म्हणतो, "का?" दार बंद. हेडमास्तर म्हणतात, "का?" बंद. साहेबांचा मुलगा, "का?" बंद. सुगंधा म्हणते, "का?" आणि दार उघडतं.

मी फोन लावला. संपादकबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "या वयाच्या मुलांना प्रमाण भाषाच द्यायला हवी. जादू आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, जादू त्या शब्दातच होती. तो काढल्यावर नुसतं लाकूड उरलं. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीत बघू. आमच्या पोरांच्या तोंडचा शब्द म्हणजे कचरा, हे यांना कोणी सांगितलं? आणि माझा राग माझ्यावरही आहे. आमच्या घरी 'काहून' म्हटलं की आई डोळे वटारायची, आणि पुढे माझ्या मुलांवर मीही तेच डोळे वटारले.

पुनारामांचा आवाज मात्र चढला नाही. "जाऊ द्या बाई. शिकलेले लोक हायेत, काही विचार करूनच केलं असन." हे ऐकून मला रडू आलं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलं चटईवर बसली. मीही गेले होते. आबांचं नाव पुस्तकावर आहे म्हणून खुशी वाचायला तयार झाली. ओळीवर बोट ठेवून, अडखळत वाचत ती दारापाशी पोचली. सुगंधाने विचारलं, दार उघडलं. खुशी थांबली. तिने पान मागे उलटलं, परत पुढे केलं.

"आबा, सगळे तर एकच म्हनून राह्यले. मंग पटवाऱ्याले दार काहून नाही उघडलं?"

तिच्या मैत्रिणी समोरच बसल्या होत्या. कोणी हसलं नाही. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

 पुनारामांनी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली आणि ते पान दाखवलं. खुशीने गोष्ट पहिल्यापासून वाचली. 'काहून बंद हायेस गा' आलं तेव्हा मुलांनी ते तिच्याबरोबर मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुनारामांना विचारून मी चोवीस प्रती स्पीड पोस्टाने परत पाठवल्या. एक खुशीने ठेवून घेतली, पेनाने दुरुस्त करून. सोबतच्या पत्रात मी काहीच वाद घातला नाही. 'पटवाऱ्याले दार काहून नाही उघडलं?' हा प्रश्न खुशीकडून तिच्याच अक्षरात लिहून घेतला आणि तेवढाच पाठवला.

पुण्याहून अजून उत्तर आलेलं नाही.