कंपाउंडरकाकांनी न केलेली तपासणी

कंपाउंडरकाकांनी टोचलेली सुई कळायचीच नाही. कोपरीतल्या आमच्या दवाखान्यावर पाटी डॉक्टरांच्या नावाची होती, पण पोरं आत यायला तयार व्हायची ती काकांमुळे. "बाय, तुमच्या मांजरीला पिल्लं किती झाली गं?" असं ते विचारायचे आणि मी विचारात पडेपर्यंत दंडावर कापूस चोळून मोकळे! "झालं पण! उगाच रडायची तयारी करून आलीस." आमच्याकडे मांजर नव्हतीच, हे मला घरी जाताना आठवायचं.

तेव्हा काचेची सिरिंज असायची. सुया स्टीलच्या डब्यात उकळायच्या, पण तापाची साथ असली की एवढा वेळ कुणाला? सुई गरम पाण्यातून काढायची आणि पुढच्याला टोचायची. सगळीकडे असंच चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. घाईत काकांच्याही बोटाला सुई लागायची. ते बोट पँटला पुसायचे, "आपलंच रक्त, आपलीच पँट" म्हणायचे आणि पुढचं नाव पुकारायचे.

मी लग्न होऊन वर्तकनगरला आले, पुढे तो दवाखानाही बंद झाला. काकू गेल्यावर काका एकटेच राहायचे, म्हणून महिन्यातून एकदा तरी डबा घेऊन मी कोपरीला जायचेच. मी केलेल्या माशाच्या कालवणाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही आणि डब्यात कधी थेंबही ठेवला नाही.

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस सी निघाला. मी ढसाढसा रडले. अहो, मला काही होतच नव्हतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाच तर त्याचा कावा आहे. वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप बसून राहतो. त्रास सुरू होतो तेव्हा यकृत पार बिघडलेलं असतं. तुम्हाला वेळेत कळलंय. तीन महिने गोळ्या घ्या, बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात." पूर्वीच्या सुयांमधूनही तो यायचा, पण माझा कुठून आला हे आता कुणालाच सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

आणि मी मूर्ख बाई, काकांकडे जाऊन हसत हसत म्हणाले, "काका, ही तुमचीच भेट दिसतेय!" थट्टा केली हो मी. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "टायफॉइड झालेला ना तुला? रोज सुई द्यायचो," एवढंच म्हणाले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोपरी पालथी घातली. जुना पेशंट दिसला रे दिसला की त्याला गाठायचे. "अरे, रक्त तपासून घे. सरकारी दवाखान्यात होतं, गोळ्याही तिथेच मिळतात. उद्यावर टाकू नकोस." एकाला तर हाताला धरून नेलं, आणि त्याचं काही निघालं नाही म्हणून काकांनी पेढे वाटले! "आणि तुमचं कधी?" मी विचारलं की म्हणायचे, "मला काय धाड भरलीये?"

माझ्या गोळ्या संपल्या. पुढच्या तपासणीत व्हायरस औषधालाही सापडला नाही. इकडे काकांचे पाय सुजायला लागले, सदरा अंगावर लोंबायला लागला. मी चिडले, रडले, हातापाया पडले. एकदा तर रिक्षा दारात आणून उभी केली, तर त्यांनी आतून कडी लावली. दाराआडून म्हणाले, "माझ्यात निघालं ना बाय, तर माझ्याच हातून पसरलं हे पक्कं होईल. मग त्या सगळ्या पोरांना मी तोंड कसं दाखवू?"

"पोरं कसली, आजोबा झालेत ते! आणि बोटाला सुया लागायच्या ना, तुम्हालाच कुणाकडून तरी आलं असेल!" मी दारावर हात आपटत ओरडले. रिक्षावाला कंटाळून निघून गेला. काय करणार होते मी? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उचलून नेता येत नाही.

गेल्या वर्षी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात हलवलं. तपासणी अखेर झाली, तिथे काकांना विचारतो कोण! तोच आजार, आणि यकृत संपलेलं. "दोन वर्षं आधी आणायला हवं होतं," तिथले डॉक्टर मला म्हणाले. जसं काही मी रिक्षा दारात आणलीच नव्हती!

शेवटचे नऊ दिवस काका तिथे होते. मी गेले की भिंतीकडे तोंड फिरवायचे. मला ते बघवेना. आठव्या दिवशी मी पलंगाशी वाकून म्हणाले, "काका, माझं तुमच्या सुईने नाही आलेलं. डोंबिवलीला माझ्या बाळंतपणात रक्त चढवलेलं ना, त्यातून आलं. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद बघून सांगितलं." सपशेल खोटं होतं ते.

काकांनी तोंड वळवलं. किती महिन्यांनी माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी! माझा हात चाचपडत शोधला आणि घट्ट धरला.

"अगं, मग आधी सांगायचंस ना," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी तपासून घेतलं असतं."